मराठी अक्षरे ‘विशेष चिन्हे’ नाहीत: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

ठाणे आणि नवी मुंबईतील गृहनिर्माण संस्था, खासगी शिकवण्या आणि छोटी दुकाने यांची संकेतस्थळे सांभाळणाऱ्या मंडळींमध्ये एक संदेश सतत पुढे पाठवला जातो. त्यात चार विधाने आहेत. मराठी अक्षरे ही विशेष चिन्हे असल्याने पानावर टाकण्यापूर्वी प्रत्येकाचे एंटिटीत, म्हणजे अक्षराऐवजी लिहायच्या सांकेतिक रूपात, रूपांतर करावे, म्हणजे चौकोन आणि प्रश्नचिन्हे दिसत नाहीत. मजकूर डेटाबेसमध्येही एंटिटीच्या रूपातच साठवावा, म्हणजे हॅकरपासून संरक्षण मिळते. प्रश्नचिन्हे आलीच, तर डीकोड करणारे टूल मूळ मजकूर परत देते. आणि मजकुरातील न दिसणारी चिन्हे सरसकट काढून टाकावीत. यांतले एकही विधान जसेच्या तसे मान्य करण्याजोगे नाही.

पहिल्या विधानातील गफलत मुळाशी आहे. एचटीएमएलच्या, म्हणजे संकेतस्थळाची पाने ज्या भाषेत लिहितात तिच्या दृष्टीने विशेष म्हणावीत अशी चिन्हे मोजकीच आहेत: मजकुरात ‘<’ आणि ‘&’, तसेच टॅगच्या गुणधर्मांत अवतरणचिन्हे. ब्राउझर या चिन्हांवरून पानाची रचना ओळखतो, म्हणून ती मजकूर म्हणून दाखवायची असतील तर एन्कोड करावी, म्हणजे सांकेतिक रूपात लिहावी लागतात. ‘ठ’ किंवा ‘ण’ या अक्षरांना ब्राउझरच्या लेखी असा दुसरा अर्थ नाही. देवनागरी १९९१ साली आलेल्या पहिल्या आवृत्तीपासून युनिकोडमध्ये (प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या मानकात) आहे आणि यूटीएफ-८ मध्ये (ते क्रमांक बाइटांच्या रूपात लिहिण्याच्या पद्धतीत) तिचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘ठाणे’ या शब्दात स्वरचिन्हे धरून चार चिन्हे आहेत, म्हणजे १२ बाइट; तोच शब्द ‘&#२३३६;’ या धर्तीच्या चार एंटिटींत लिहिला (प्रत्यक्ष कोडमध्ये अर्थातच रोमन अंक लागतात) तर २८ बाइट होतात आणि वाचकाला पडद्यावर दिसणारे अक्षर तेच राहते. चौकोन दिसतात ते फॉन्टमध्ये ते अक्षर नसल्यामुळे. एंटिटीने अक्षराचा युनिकोड क्रमांकही बदलत नाही आणि फॉन्टही.

एवढे मात्र खरे की एंटिटी निव्वळ रोमन अक्षरे, अंक आणि साध्या चिन्हांनी बनत असल्यामुळे पानाची एन्कोडिंग घोषणा (मजकूर कोणत्या पद्धतीने बाइटांत लिहिला आहे हे सांगणारी ओळ) चुकलेली असली तरी ती टिकते. या समजुतीचा उगम बहुधा इथेच असावा. एखादे पान जुन्या पाश्चात्त्य एन्कोडिंगमध्ये असेल आणि त्यातील फॉर्ममध्ये कोणी मराठी लिहिले, तर त्या एन्कोडिंगमध्ये न बसणारे प्रत्येक अक्षर ब्राउझर स्वतःच क्रमांकाच्या एंटिटीत बदलून पाठवतो. जुन्या डेटाबेसमध्ये अशा एंटिटींच्या रांगा दिसतात त्या कोणा जाणकाराने योजलेल्या नसून चुकीच्या घोषणेचे लक्षण आहेत, आणि लक्षणालाच औषध समजण्याचा हा प्रकार आहे. खरा उपाय म्हणजे फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करणे, पानाच्या पहिल्या १०२४ बाइटांच्या आत तशी घोषणा करणे आणि सर्व्हर आपल्या हेडरमध्ये, म्हणजे पानाआधी पाठवलेल्या माहितीत, वेगळेच काही सांगत नाही ना हे पाहणे, कारण दोघांत तफावत असेल तर ब्राउझर हेडरचे ऐकतो.

दुसरे विधान सर्वांत घातक आहे, कारण ते सुरक्षिततेच्या नावाखाली सांगितले जाते. चिन्हे कशी एन्कोड करायची हे मजकूर कुठे जाणार आहे त्यावर ठरते. पानाच्या परिच्छेदात जाणाऱ्या मजकुराला एक नियम लागू होतो, पत्त्यात म्हणजे यूआरएलमध्ये जाणाऱ्याला दुसरा (तिथे प्रत्येक बाइट टक्केवारीचे चिन्ह आणि दोन अंकाक्षरे अशा रूपात जातो, त्यामुळे ‘ठाणे’ ३६ चिन्हांचे होते), आणि डेटाबेसच्या आज्ञेला तिसरा. डेटाबेसवरील हल्ला एंटिटीने अडत नाही. त्यासाठी आज्ञा आणि मूल्ये वेगळी पाठवणाऱ्या पॅरामीटरयुक्त क्वेरी वापराव्या लागतात. पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेतील एचटीएमएलस्पेशलचार्स हे नेहमीचे फंक्शन २०२१ साली आलेल्या ८.१ आवृत्तीपूर्वी, वेगळे सांगितल्याशिवाय, एकेरी अवतरणचिन्हाला हातही लावत नव्हते, आणि एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या आज्ञांच्या भाषेत, घात नेमका त्याच चिन्हाने होतो. दुव्यात ‘जावास्क्रिप्ट:’ने सुरू होणारा, म्हणजे क्लिक करताच कोड चालवणारा पत्ता कोणी घातला तर एंटिटीचा तिथेही उपयोग नाही, कारण ब्राउझर आधी एंटिटी सोडवतो आणि मग तो पत्ता चालवतो.

साठवणुकीचे दुष्परिणाम वेगळेच. सभासदांच्या यादीत ‘घणसोली’ शोधले तर एंटिटीच्या रूपातील नोंद सापडत नाही, मोबाइल अ‍ॅप, एक्सेल किंवा एसएमएसमध्ये क्रमांकांची माळ उमटते, आणि मर्यादित लांबीच्या रकान्यात शेवटची एंटिटी मध्येच तुटते. साठवताना एकदा आणि दाखवताना पुन्हा एन्कोड झाले की ‘ठाणे & नवी मुंबई’ या साध्या शीर्षकातील ‘&’च्या मागे ‘एएमपी’ ही रोमन अक्षरे आणि अर्धविराम वाचकाला उघडे दिसू लागतात. म्हणून मजकूर जसा लिहिला तसाच साठवावा आणि बाहेर पडताना, त्या त्या जागेच्या नियमाने, एकदाच एन्कोड करावा.

तिसऱ्या विधानात दोन वेगळ्या बिघाडांची सरमिसळ आहे. डेटाबेसमधील रकाना मराठी न पेलणाऱ्या अक्षरसंचात असेल आणि डेटाबेसने प्रत्येक अक्षराच्या जागी ‘?’ साठवले असेल, तर मूळ बाइट उरलेलेच नसतात. तिथे जुनी प्रत सापडली तरच मजकूर मिळतो, टूल काहीही म्हणो. याउलट, वर तिरकी खूण असलेले रोमन अक्षर आणि ‘¤’ यांची पुनरावृत्ती दिसत असेल तर यूटीएफ-८ चे बाइट विंडोज-१२५२ (पाश्चात्त्य भाषांसाठीचा जुना अक्षरसंच) समजून वाचले गेले आहेत, आणि ही प्रक्रिया उलटवता येते. तीही नेहमी नाही. विंडोज-१२५२ मध्ये १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७ या पाच बाइटांना चिन्हच नेमलेले नाही, आणि काही प्रणाली ते गाळतात किंवा बदलतात. हलंताच्या चिन्हाचा शेवटचा बाइट १४१ आहे, ऱ्हस्व उकाराचा १२९, ‘ऐ’चा १४४ आणि ‘झ’चा १५७. म्हणजे ऐरोलीतील पहिले अक्षर, मुंबईतील उकार आणि मजकुरातील यच्चयावत जोडाक्षरे धोक्यात येतात. ‘ठ’चा शेवटचा बाइट १६० आहे; त्या संचात तो न तुटणाऱ्या रिकाम्या जागेचा आहे, आणि जादा रिकाम्या जागा साफ करणाऱ्या प्रोग्रॅमने तो साध्या जागेत बदलला की ठाण्याचा ‘ठ’ गेलाच. तेव्हा दुरुस्ती आधी प्रतीवर करून पाहावी आणि जोडाक्षरे तपासावीत.

राहिली न दिसणारी चिन्हे. युनिकोडमधील ८२०३ क्रमांकाची शून्य रुंदीची जागा किंवा मजकुराच्या मधोमध आलेले ६५२७९ क्रमांकाचे चिन्ह काढून टाकणे बहुधा निर्धोक असते आणि त्याने शोधही सुधारतो. परंतु ८२०५ हे जोडचिन्ह मराठीत काम करते. ‘ऱ्य’ दोन पद्धतींनी लिहिला जातो: एकीत नुक्ता असलेला ‘ऱ’ आणि हलंत असतो, तर दुसरीत साधा ‘र’, हलंत आणि त्यामागे हे जोडचिन्ह. दुसऱ्या पद्धतीने लिहिलेल्या मजकुरातून ते उडवले की ‘र’चा रफार होतो आणि गणेशोत्सवातील महाप्रसादाच्या सूचनेत आचाऱ्यांना द्यायचे मानधन आचार्यांच्या नावे लागते. शोधासाठी एकरूपता हवी असेल तर ‘र’, हलंत आणि ८२०५ हा क्रम ‘ऱ’ आणि हलंत या क्रमात बदलावा. जोडचिन्ह नुसते पुसू नये.