मामांचा कणा

मामांच्या आत्मचरित्राचा कणा मी काढला. चुकून हात लागला, मांजर कीबोर्डवर बसलं, असलं काही नाही. मला तो अनावश्यक वाटला म्हणून काढला.

मामांनी ३८ प्रकरणांचं आत्मचरित्र लिहिलं. लिहिलं म्हणजे जसं आठवेल तसं सात वह्यांत कुठूनही कुठेही उतरवलं. आम्ही तिघा भाचरांनी ते वाटून घेऊन टाइप केलं आणि माझ्या मावसबहिणीने त्याचं ईपब, म्हणजे फोनवर वाचायचं ई-पुस्तक, बनवलं. पुस्तक सगळ्यांच्या फोनवर पोचलं, कौतुक झालं, आणि तिसऱ्या दिवशी मामांचा फोन आला. लेखकाच्या जागी नुसतं 'मामा' असं दिसत होतं. आमच्यापैकीच कोणीतरी सवयीने तसं टाइप केलं होतं.

"अरे, मी तुमचा मामा आहे. हे बघून वाटतं, वाचकांनाच मामा बनवलंय."

एक शब्द बदलायचा होता. मला संगणकातलं कळतं असा घरात एक जुना गैरसमज आहे, त्यामुळे काम माझ्याकडे आलं.

ईपब म्हणजे मुळात झिपचं गाठोडं. फाइलचं एक्स्टेन्शन बदललं की गाठ सुटते आणि आतला संसार दिसतो. हा झिप प्रकार फिल कॅट्झ या माणसाने १९८९ मध्ये आणला आणि आजही अशा फाइलच्या अगदी सुरुवातीला त्याची आद्याक्षरं असतात, 'पी' आणि 'के'. हे मी मामांना सांगितलं नाही. त्यांनी आपलीही घालायला लावली असती.

गाठोड्यात ओपीएफ नावाची एक फाइल असते. पुस्तकाचं सगळं दप्तर तिथे. सर्वांत वर मेटाडेटा, म्हणजे पुस्तकाचं नाव, लेखक, भाषा. त्याखाली मॅनिफेस्ट, म्हणजे गाठोड्यात काय काय भरलंय त्याची यादी: प्रकरणं, चित्रं, फॉन्ट, मुखपृष्ठ. आणि त्याखाली स्पाइन. मेटाडेटात मी 'मामा' खोडून पूर्ण नाव घातलं. काम झालं होतं. तिथेच फाइल बंद केली असती तर हा लेख लिहावा लागला नसता.

पण मला लोकांच्या लेखनातली पुनरुक्ती काढायची खोड आहे. मामांच्याच मजकुरातून 'त्याचं असं झालं की' हे शब्द मी ६१ वेळा काढले होते, आणि ६१ वेळा काहीही बिघडलं नव्हतं. आता समोर काय दिसत होतं? वरच्या यादीत ३८ प्रकरणांची नावं, आणि खालच्या यादीत पुन्हा तीच ३८ नावं. म्हटलं, मावसबहिणीला कोणी शिकवलंय की नाही! खालची यादी उडवली, मूळ फाइलवरच सेव्ह केलं, पुन्हा झिप केलं आणि सगळ्यांना पाठवून वर लिहिलं, "जुनी प्रत काढून टाका, ही सुधारित ठेवा." आमच्या घराण्यात दिलेली सूचना सगळ्यांनी पाळल्याची ती पहिली वेळ.

सकाळी फोनवर फोन. एका ॲपने फाइल खराब आहे म्हणून सांगितलं. दुसऱ्याने मुखपृष्ठ दाखवलं आणि पुढे गप्प बसलं. तिसऱ्यात एक कोरं पान उघडलं आणि खाली लिहून आलं, 'शंभर टक्के वाचून झाले'. काकूंना ते फार आवडलं.

स्पाइन म्हणजे कणा, हे मला त्या दिवशी कळलं. छापील पुस्तकात पानं बांधलेली असतात, त्यामुळे कशानंतर काय हा प्रश्न येत नाही. ईपबमध्ये प्रत्येक प्रकरण सुटं, स्वतंत्र फाइल. सुट्या पानांच्या पोथीसारखं, फरक इतकाच की पोथीच्या पानावर समासात आकडा असतो. इथे क्रम सांगणारी एकच जागा, ती म्हणजे स्पाइन. मॅनिफेस्टमधल्या क्रमाला काडीचा अर्थ नसतो. त्यात मुखपृष्ठाआधी फॉन्ट असेल, फॉन्टनंतर बाविसावं प्रकरण असेल, कोणाची तक्रार नाही. ती सामानाची यादी आहे. 'आधी हे उघडा, मग ते' हे फक्त खालची यादी सांगते. ईपब २००७ साली आलं, पण त्याच्या आधीच्या पिढीतल्या १९९९ च्या ओपन ई-बुकमध्येही स्पाइन होताच. म्हणजे इतकी वर्षं जगभरच्या माणसांनी ही यादी दोनदा लिहिली, आणि कोणालाही ती पुनरुक्ती वाटली नाही. मीच पहिला.

जुनी प्रत कुठेच नव्हती. मावसबहिणीने आपल्याकडची फाइल जागा मोकळी करायला काढून टाकली होती, कारण "सगळ्यांकडे आहेच की." मूळ क्रम मामांनी तिला फोनवर सांगितला होता आणि तिने तो एका कागदावर उतरवला होता. कागदाच्या मागे किराणा नव्हता की हिशेब नव्हता, त्यामुळे तो जपून ठेवण्याचं काही कारण नव्हतं.

तुम्ही म्हणाल, अनुक्रमणिका असेल ना? होती. ईपब ३ मध्ये ती असावीच लागते. पण मामांनी मावसबहिणीला बजावलं होतं, "अनुक्रमणिका कशाला? माझं आयुष्य म्हणजे काय शब्दकोश आहे?" म्हणून तिने नियमापुरती एकच नोंद ठेवली होती: 'सुरुवात'. ती मुखपृष्ठावर नेत होती.

फाइलींच्या नावांत आकडे होते. माझा जीव भांड्यात पडला, पण भांडं गळकं निघालं. संगणक आकडे वाचत नाही, अक्षरं वाचतो. त्यामुळे त्याच्या लेखी १ नंतर १० येतो, मग ११, १२ करत १९, आणि मग कुठे २. त्या क्रमाने लावून पाहिलं तर मामांच्या निवृत्तीच्या समारंभानंतर लगेच त्यांची मुंज निघाली. एक आकडी नावांपुढे शून्य लावून तेही सरळ केलं. तरी मुंज निवृत्तीनंतरच. मग उजेड पडला, की हे आकडे वाचायच्या क्रमाचे नाहीतच, टाइप केल्याच्या क्रमाचे आहेत. सातवी वही माझ्याकडे आधी आली होती.

आता एकच मार्ग, मजकूर वाचून क्रम लावायचा. जुन्या छापील पुस्तकांत पानाच्या तळाशी पुढच्या पानाचा पहिला शब्द छापत असत, जोड कळावी म्हणून. बांधणीवाल्यांची सोय तर याहून देखणी: प्रत्येक फर्म्याच्या, म्हणजे एकत्र घडी घातलेल्या पानांच्या गठ्ठ्याच्या, पाठीवर एक छोटी काळी खूण, पुढच्या फर्म्यावर जरा खाली, त्यापुढच्यावर आणखी खाली. सगळे फर्मे एकत्र धरले की पाठीवर जिना दिसतो, आणि एखादा फर्मा इकडचा तिकडे झाला तर पायरी मोडलेली लगेच कळते. मामांच्या पाठीवर असा जिना नव्हता. त्यांच्या अकरा प्रकरणांत 'वर सांगितल्याप्रमाणे' होतं. वर कुठे? एक प्रकरण तर सुरूच होत होतं, 'तर मग आम्ही सगळे परत आलो.' कुठून, हे उरलेल्या सदतीस प्रकरणांत कुठेही नाही.

शेवटी मी मिशीचा आधार घेतला. मामांना स्वतःच्या मिशीचं फार, त्यामुळे ती बऱ्याच प्रकरणांत येते. तक्ता केला: १४ प्रकरणांत मिशी आहे, ९ प्रकरणांत नाही, १५ प्रकरणं मिशीबाबत मौन पाळतात. आधी बिनमिशीची, मग मिशीची, असं सोपं गणित मांडलं. पण सायकल आडवी आली. मिशी नसलेल्या प्रकरणात सायकल चोरीला जाते आणि मिशी असलेल्या प्रकरणात मामा तीच सायकल पुसत बसलेत. मामांना फोन लावला.

"मामा, प्रकरणांचा क्रम काय होता?"

"क्रम? एकामागून एक."

"ते झालंच. पण कशामागून काय?"

"अरे, आधीच्यामागून पुढचं. तू वाचलंयस ना?"

"सायकल चोरीला गेली तेव्हा मिशी होती का?"

फोनवर थोडा वेळ शांतता. मग मामीचा आवाज आला, लांबून. "लग्नात मिशी नव्हती म्हणावं. मी समोर उभी होते."

"होती! लग्नानंतर काढली."

"अहो, नंतर वाढवली. आणि सायकल दोन होत्या."

एका वाक्यात नऊ प्रकरणं जागेवर बसली. पुढचे तीन दिवस मी मामांना विचारायचो, मामी उत्तर द्यायची आणि मामा तिला चुकीचं ठरवून शेवटी तेच सांगायचे. ज्याचं आयुष्य त्याला ते क्रमाने ठाऊक नव्हतं, बाजूला बसून ऐकणारीला तोंडपाठ होतं. (ते परत आले होते ते सहलीहून. सहलीचं प्रकरण लिहायचं राहूनच गेलंय.)

क्रम मिळाल्यावर तो लिहिणं हे पाच मिनिटांचं काम, असं मला वाटलं. दोन्ही याद्यांत प्रत्येक प्रकरण ज्या खुणेने ओळखलं जातं, ती त्याची आयडी. उत्साहात मी सगळ्या आयडी बदलून त्यांना साधे इंग्रजी आकडे दिले. ईपबचेक नावाचं एक तपासणीचं सॉफ्टवेअर आहे. त्याने लाल ओळींचा पाऊस पाडला. आयडीची सुरुवात इंग्रजी आकड्याने चालत नाही. मग प्रत्येकाच्या आधी मामांचा 'म' लावला. देवनागरी अक्षर त्याला चालतं, हे पाहून ऊर भरून आला. मग कळलं, दुसरी सायकल मी स्पाइनमध्ये दोनदा घातलीय. तेही चालत नाही, एक प्रकरण ओळीत एकदाच. म्हणजे पुनरुक्ती त्यालाही खपत नाही, फक्त कुठली ती पुनरुक्ती आणि कुठला कणा एवढं त्याला कळतं.

पुन्हा झिप करायला घेतलं तर तिथेही रांग. गाठोड्यात सगळ्यांत आधी 'माइमटाइप' नावाची चिमुकली फाइल जायला हवी, तीही दाबून लहान न करता, जशीच्या तशी. तिच्यात फक्त वीस अक्षरांची एक ओळ असते, की हे ईपब आहे. अख्खं फोल्डर निवडून झिप केलं की ही बिचारी भलतीकडेच जाऊन बसते. पहिल्या रात्री मी तीही चूक केली होती. कणा नसल्याच्या गोंधळात ती कोणाच्या लक्षात आली नाही, एवढंच.

फाइल पाठवणार, तेवढ्यात मामांचा फोन. आवाज खाली आलेला.

"ते 'माझा रेडिओ' प्रकरण आहे ना, ते राहू दे. पण ओळीत नको."

'माझा रेडिओ' मध्ये माझ्या बाबांनी मामांचा रेडिओ उसना नेला आणि मागचं झाकण न देता परत केला, याचं साडेसहा पानी वर्णन आहे. मामांना ते गाळायचं नव्हतं, कारण सत्य म्हणजे सत्य. पण भाऊजींनी वाचावं असंही नव्हतं.

गंमत म्हणजे ईपबमध्ये याची सोय आहे. स्पाइनमधल्या नोंदीला 'लिनिअर: नो' असं लिहिता येतं. म्हणजे हा मजकूर पुस्तकात आहे, पण वाचनाच्या मुख्य ओळीत नाही. पान उलटत जाणारा त्याच्या शेजारून निघून जातो. मामांसाठी कोणीतरी मुद्दाम केल्यासारखं. मी लावलं. ईपबचेकने पुन्हा लाल ओळ काढली: ओळीबाहेर ठेवलंत ते ठीक, पण तिथे पोचायला निदान एक दुवा द्या. पुस्तकात असलेला मजकूर वाचकाला गाठता आलाच पाहिजे, असा नियमच आहे.

मी तासभर विचार केला. मग लग्नाच्या प्रकरणात, पाहुण्यांच्या लांबलचक यादीत, जी कोणीच वाचत नाही, तिथे एका नावापुढे बारीकशी फुली टाकली आणि दुवा त्या फुलीला जोडला. मुंगीचा पाय पडेल एवढी फुली. शून्य चुका, शून्य इशारे. फाइल गेली. ॲपं सुरळीत. काकू मात्र थोड्या हिरमुसल्या.

रात्री बाबांचा फोन आला. बाबा पुस्तकातल्या पाहुण्यांच्या यादीत स्वतःचं नाव बोट फिरवत शोधत होते, आणि बाबांची बोटं जाड आहेत.

"झाकण आधीपासूनच नव्हतं," बाबा म्हणाले.

त्यांनी उत्तर लिहून पाठवलंय, चार पानी. ते रेडिओच्या आधी लावायचं की नंतर, यावर सध्या दोन घरांत बोलणी चालू आहेत. मामीला विचारलं तर ती म्हणते, झाकण तिच्याकडेच आहे.