हद्दीवरून आपण रागावतो, पण भलत्याच ठिकाणी

"या कोर्टाला हा खटला चालवण्याचा अधिकारच नाही," असं कुणा वकिलाने म्हटल्याची बातमी आली की खालच्या प्रतिक्रिया न वाचताही सांगता येतात. पळवाट. पैशाचा खेळ. तारीख पे तारीख. उलट पोलीस ठाण्यात "हे आमच्या हद्दीत येत नाही" असं ऐकलं की तीच माणसं निमूटपणे पुढच्या ठाण्याचा पत्ता विचारतात. मला हे नेमकं उलटं वाटतं. कायदा जिथे खरोखर कडक आहे तिथे आपण चिडतो आणि जिथे त्याने मुद्दाम सूट दिली आहे तिथे मान डोलावतो.

आधी कडक बाजू. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी जास्तीत जास्त तीन वर्षांची कैद देऊ शकतो. खुनाचा खटला सत्र न्यायालयातच चालतो. आता समजा, असा खटला चुकून दंडाधिकाऱ्यानेच चालवला आणि आरोपीला निर्दोष सोडलं. आरोपी सुटला? नाही. अधिकारच नसताना चालवलेली ती सगळी कारवाई कायद्याच्या लेखी शून्य. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा शिक्षा नको, हे संरक्षण संविधानाच्या अनुच्छेद 20 मध्ये आहे, पण ते मागायचं तर पहिला खटला अधिकार असलेल्या कोर्टात चाललेला हवा. म्हणजे त्या माणसाला पुन्हा पिंजऱ्यात उभं राहावं लागणार. आणि शिक्षा झाली असती तर तीही टिकली नसती, मयताच्या घरच्यांना सगळं पहिल्यापासून सोसावं लागलं असतं. म्हणून हा मुद्दा पहिल्याच तारखेला काढणारा वकील मला खेळ करणारा वाटत नाही. दहा वर्षांनी अपिलात काढणाऱ्याबद्दल बोला हवं तर.

जागेच्या बाबतीत मात्र कायदा बराच सैल आहे, आणि हे फारसं कुणी सांगत नाही. गुन्हा जिथे घडला तिथल्या कोर्टात खटला, हा सर्वसाधारण नियम. साक्षीदार तिथले, पंच तिथले, घटनास्थळ तिथलं, त्यामुळे सोयीचंही तेच. पण गुन्हे काही एका जागी बसून राहत नाहीत. एखाद्याला एका जिल्ह्यातून पळवलं, दुसऱ्यातून नेलं, तिसऱ्यात डांबलं, तर तिन्हीपैकी कुठेही खटला चालतो. मेसेज पाठवून फसवणूक झाली तर तो जिथून गेला तिथे किंवा जिथे मिळाला तिथेही. आणि एवढं करून चुकीच्या जिल्ह्यात खटला चाललाच, तरी केवळ तेवढ्यावरून निकाल रद्द होत नाही; त्यामुळे न्यायालाच बाधा आली हे दाखवावं लागतं.

इथे लोक इटलीच्या नौसैनिकांचं प्रकरण काढतात. 2012 मध्ये केरळच्या किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांच्या, म्हणजे भारताच्या प्रादेशिक समुद्राच्या, पलीकडे 'एनरिका लेक्सी' जहाजावरून गोळीबार झाला आणि दोन भारतीय मच्छीमार गेले. जानेवारी 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, खटला केरळचा नाही, केंद्राचा. 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने ठरवलं की गोळीबाराचा आरोप असलेले दोघे नौसैनिक इटलीचे सरकारी कर्मचारी म्हणून कर्तव्यावर होते, म्हणून भारतात त्यांच्यावर फौजदारी खटला चालवता येणार नाही. इटलीने 10 कोटी रुपये भरपाई दिली आणि 2021 मध्ये इथली प्रकरणं बंद झाली. राग येतोच, मलाही आला. पण तिथे आडवी आली ती हद्द नव्हे, सरकारी माणसाला मिळणारं अभय. रागाचा पत्ता तरी बरोबर असावा.

आता पोलीस ठाणं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, कलम 173 मध्ये स्पष्ट लिहिलंय की दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) माहिती, तो कुठल्याही हद्दीत घडलेला असो, नोंदवता येते. हाच 'झिरो एफआयआर'. नोंद इथे करायची, कागद योग्य ठाण्याकडे पाठवायचं काम पोलिसांचं. त्याआधीही, 2013 च्या ललिता कुमारी निकालात सर्वोच्च न्यायालयाने दखलपात्र गुन्ह्याची नोंद बंधनकारकच ठरवली होती. बलात्कारासारख्या गुन्ह्यांत नोंद टाळणाऱ्या अधिकाऱ्याला स्वतःला तुरुंगवास होऊ शकतो. इतकंच काय, तपास करणारा अधिकारी त्या हद्दीचा नव्हता एवढ्या कारणावरून त्याच्या कारवाईला आव्हानही देता येत नाही. मग अंगावरचे कपडे फाटलेल्या बाईला "पलीकडच्या ठाण्यात जा" सांगायला आधार कसला? आळस, आणि आपल्या ठाण्याचा गुन्ह्यांचा आकडा वाढू नये ही काळजी. दुसरं काही मला दिसत नाही.

तरीही नोंदवून घेतलं नाही तर तक्रार लेखी करून पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. तिथेही हललं नाही तर दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. ऑनलाइन तक्रार केली असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करायला विसरू नका. आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या.