रेकॉर्डिंगच ऐकायचं होतं तर घरी बसायचं होतं!

आज सकाळी एका ओळखीच्या मुलाची पोस्ट वाचली आणि डोकंच फिरलं. काल कॉन्सर्टला गेला होता. तक्रार काय, तर "अ‍ॅपवर ऐकतो तसं वाजलंच नाही, पैसे पाण्यात." खाली सगळ्यांचं "अगदी अगदी!"

अरे, तसं वाजणारच नव्हतं! स्टुडिओत मनासारखं होईपर्यंत गातात, तुकडे जोडतात, चुकार सूर जागेवर आणतात. टूरवरचा गायक काल दुसऱ्या शहरात गाऊन, रात्रभर प्रवास करून आलेला असतो. तो पट्टी खाली घेणार, लय चढणार, एखादं कडवं गाळणार. आणि तुमचं आवडतं गाणं सेटलिस्टमध्ये, म्हणजे त्या दिवशीच्या गाण्यांच्या यादीत, नसेलही.

मी एका टूरच्या शेवटच्या टप्प्यातला शो ऐकलाय. गाणाऱ्या बाईंचा आवाज बसलाय हे पहिल्याच गाण्यात कळत होतं. माझ्या लाडक्या गाण्यात वरचा सूर लागेना. त्यांनी ड्रमरला हातानेच थांबवलं, कीबोर्डवाल्याला पट्टी उतरवायला सांगितली आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून धरलं. वरची ओळ आली तशी ती अख्ख्या मैदानाने उचलली. त्यानंतर ते रेकॉर्डिंग मला गुळगुळीत वाटायला लागलं.

आता साउंड कधी कधी खरंच भिकार असतो, मान्य. पण मागे उभं राहिल्यावर काय होतं तेही समजून घ्या ना. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. स्टेजपासून 100 मीटरवर ओठ आधी हलतात आणि शब्द नंतर पोचतो. मागच्यांना नीट ऐकू यावं म्हणून मैदानात मध्येच डिले टॉवर, म्हणजे जादा स्पीकरचे खांब, उभे करतात आणि त्यांतला आवाज मुद्दाम तेवढाच उशिरा सोडतात, नाहीतर एकच शब्द दोनदा ऐकू येईल. जमलं तर मिक्सिंग डेस्कच्या, म्हणजे सगळ्यांचे आवाज कमी-जास्त करतात त्या टेबलाच्या, आसपास जागा धरा, साउंड इंजिनिअर तिथलं ऐकूनच तर मिक्स करतो. त्या बाईंच्या शोला मी तिथेच होते. पट्टी उतरली तेव्हा त्या इंजिनिअरने फेडरवरचं, म्हणजे आवाजाच्या सरकत्या बटणावरचं, बोट केसभर वर सरकवलं आणि त्यांचा श्वाससुद्धा ऐकू आला.

1965मध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स 55 हजारांहून जास्त लोकांसमोर वाजवत होते, तेव्हा आरडाओरड्यात त्यांचं त्यांनाच ऐकू येत नव्हतं. तरी लोक आजही त्या शोबद्दल बोलतात.

आणि ते फोन! एखादी क्लिप काढा, माझी ना नाही. पण अख्खं गाणं हात वर करून उभं राहायचं म्हणजे मागच्याने तुमचा स्क्रीन बघायचा का? त्या दिवशी माझ्यापुढेही एक उंच गृहस्थ तेच करत होते. बाईंनी गाणं थांबवलं तसा त्यांनी फोन खिशात टाकला, तो शेवटपर्यंत बाहेर काढला नाही. त्या माणसावरचा माझा सगळा राग तिथेच गेला.

ओपनिंग अ‍ॅक्टच्या, म्हणजे मुख्य गायकाआधी गाणाऱ्यांच्या, वेळी गप्पा मारू नका हो. कुणाला तरी पहिल्यांदाच एवढी गर्दी मिळालेली असते.

पहिल्यांदा जाणाऱ्या पोरांना हे सगळं कुणी सांगत नाही, म्हणून जीव तुटतो. इअरप्लग न्या. जागतिक आरोग्य संघटनेने 2022मध्ये अशा कार्यक्रमांसाठी 15 मिनिटांच्या सरासरीने 100 डेसिबलची मर्यादा सुचवली आहे, आणि स्पीकरजवळ आवाज त्याहून वर जाऊ शकतो. प्लगने गाणं हरवत नाही, दुसऱ्या दिवशी कानात शिट्टी मात्र वाजत नाही. आत शिरल्या शिरल्या बाहेर जायच्या वाटा बघून ठेवा. 2021मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोवर्ल्ड संगीत महोत्सवात गर्दीत गुदमरून 10 जण गेले, त्यातला सगळ्यात लहान 9 वर्षांचा. छातीवर दाब यायला लागला, हात वर घेता येईना, तर पुढे रेटू नका. लाडकं गाणं चालू असलं तरी कडेने बाहेर पडा.