पुन्हा सरकारी कामावर गेलात म्हणून पेन्शन बंद होत नाही

निवृत्तांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर वरचेवर फिरतो. त्याचा गोषवारा असा: निवृत्तीनंतर कोणत्याही सरकारी खात्यात पुन्हा काम धरले की पेन्शन थांबते, घेतलेली ग्रॅच्युइटी परत करावी लागते, विकलेली पेन्शन (एकरकमी पैसे घेऊन सोडलेला पेन्शनचा भाग) कायमची जाते, कुटुंबाची पेन्शनही धोक्यात येते. म्हणून एक तर काम नाकारा, नाही तर जुन्या नोकरीचा कुठे उल्लेखच करू नका.

मी बरीच वर्षे लेखा शाखेत पेन्शनची प्रकरणे हाताळली. असे मजकूर एरवी वाचून सोडून देते. पण माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षिकेने यापायी चांगले काम नाकारले. जुलै २०२३ मध्ये राज्य सरकारने जिल्हा परिषद शाळांतल्या रिक्त जागांवर निवृत्त शिक्षकांना दरमहा २०,००० रुपये मानधनावर तात्पुरते घेण्याचे ठरवले होते. बाईंना विचारणा झाली, शाळाही घराजवळची. ‘बत्तीस वर्षांची कमाई घालवून वीस हजार कशाला घेऊ,’ असे म्हणत त्यांनी नकार कळवला आणि मग विचारणेचे पत्र मला दाखवायला आणले. पत्रात ‘मानधन’ आणि ‘करार’ हे दोन्ही शब्द ठळक होते. त्यांच्या पेन्शनच्या एका रुपयालाही धक्का लागणार नव्हता.

आता त्या मजकुरातले एकेक विधान घेऊ. दाखले मुख्यतः केंद्र सरकारच्या नियमांचे आहेत.

पेन्शन थांबते, हे पहिले विधान. पेन्शन ही झालेल्या सेवेची कमाई आहे, सरकारची मेहेरबानी नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी ‘डी. एस. नकारा विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात स्वच्छ सांगितले. तोच दिवस आपण पेन्शनर दिन म्हणून पाळतो. मंजूर झालेली पेन्शन रोखता येते, पण त्यासाठी गंभीर गैरवर्तन किंवा गंभीर गुन्ह्यातली शिक्षा असे कारण लागते. सरकारनेच बोलावले म्हणून कामावर जाणे हे गैरवर्तन कसे होईल?

मग ही अफवा येते कुठून? पेन्शन, पेन्शनवरची महागाई वाढ आणि नव्या कामाचा पगार या तीन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या जातात, तिथून. त्यांतली पहिली तशीच राहते. उरलेल्या दोहोंवर परिणाम होऊ शकतो, आणि तो किती हे आदेशातल्या एका शब्दावर ठरते: करार की पुनर्नियुक्ती.

आधी करार. केंद्राच्या वित्त मंत्रालयाच्या ९ डिसेंबर २०२० च्या आदेशाप्रमाणे निवृत्त कर्मचाऱ्याला करारावर घेतले, तर शेवटच्या मूळ पगारातून मूळ पेन्शन वजा करून येणारी रक्कम दरमहा मिळते. कराराच्या मुदतीत ती बदलत नाही. तिच्यावर डीए (महागाई भत्ता) नाही, वार्षिक वेतनवाढही नाही. समजा, निवृत्त होताना बेसिक ८०,००० होता आणि पेन्शन ४०,००० बसली. तुम्ही त्यातली ४० टक्के, म्हणजे १६,००० विकलीत. बँकेत दरमहा २४,००० आणि वर महागाई वाढ जमा होते. बरेच जण इथे ८०,००० मधून २४,००० वजा करतात आणि ५६,००० मिळतील असे धरून चालतात. पहिले बिल ४०,००० चे निघाले की ‘पेन्शन कापली’ म्हणून ओरड सुरू होते. पेन्शन कापलेली नसते. वजावट विकण्याआधीच्या पूर्ण पेन्शनची होते, कारण विकलेल्या भागाचे पैसे तुम्ही एकरकमी घेतलेले असतात. बँकेत जमा होणाऱ्या २४,००० ला कोणी हात लावत नाही. सल्लागार म्हणून घेताना तर अटींत बहुधा लिहिलेलेच असते की ही पुनर्नियुक्ती समजली जाणार नाही आणि पेन्शन महागाई वाढीसह चालू राहील.

पुनर्नियुक्ती वेगळी. तिथे तुम्ही रीतसर पदावर, वेतनश्रेणीत बसता आणि पगार १९८६ च्या वेतननिश्चिती आदेशांनुसार ठरतो. वयाच्या ५५ व्या वर्षाआधी निवृत्त झालेल्या, गट ‘अ’च्या खालच्या कर्मचाऱ्यांची आणि अधिकारी दर्जाखालच्या माजी सैनिकांची संपूर्ण पेन्शन पगार ठरवताना दुर्लक्षिली जाते. गट ‘अ’ अधिकाऱ्यांच्या आणि सैन्यातल्या कमिशन्ड अधिकाऱ्यांच्या बाबतीत पहिले १५,००० रुपये सोडून बाकीची हिशेबात धरतात. ५५ नंतर निवृत्त झालेल्यांना ही सूट नाही. या सगळ्यात कमी होतो तो नवा पगार. पेन्शन मंजुरीचा कागद, म्हणजे पीपीओ, जसाच्या तसा राहतो.

अफवेत खऱ्याचा अंश असलाच तर तो महागाई वाढीत आहे. पुनर्नियुक्तीच्या काळात नव्या पगारावर डीए मिळतो, म्हणून पेन्शनवरची महागाई वाढ साधारणपणे थांबते. काम संपले की ती पुन्हा सुरू होते. ज्यांची पूर्ण पेन्शन दुर्लक्षिली जाते आणि पगार श्रेणीच्या किमान टप्प्यावर बसतो, त्यांची महागाई वाढ पुनर्नियुक्तीतही चालू राहते. हा फरक त्या मजकुरात अवाक्षरानेही नाही. महागाई वाढ काही काळ थांबणे म्हणजे पेन्शन बंद होणे नव्हे, आणि ज्याचे औषधपाणी पेन्शनवर चालते त्याला हे असे घाबरवणे मला अक्षम्य वाटते.

ग्रॅच्युइटी परत करावी लागते? नियतवयोमानाने, म्हणजे ठरलेल्या वयाला, निवृत्त झालेल्याला नाही. पद रद्द झाल्यामुळे किंवा आजारपणामुळे मुदतीआधी बाहेर पडलेला माणूस पुन्हा सेवेत आला, तर जुनी सेवा नव्या सेवेत जोडून घेण्याचा पर्याय त्याला असतो. तो निवडला तर आधीचे लाभ परत करावे लागतात. नागरी सेवेत येणाऱ्या माजी सैनिकालाही असाच पर्याय नियमांत आहे. पण पर्याय निवडायचा की नाही हे त्यानेच ठरवायचे असते. कुणाच्या तरी अशा प्रकरणातली एक ओळ उचलून ती सगळ्यांना लावलेली दिसते.

याच्या उलटही एक गैरसमज आहे, त्या मजकुरात नसला तरी. नियतवयोमान पेन्शन घेऊन पुन्हा नेमले गेलात तर त्या काळाची वेगळी पेन्शन किंवा वेगळी ग्रॅच्युइटी मिळत नाही. त्या आशेने कोणी जाऊ नये.

विकलेल्या पेन्शनचे थोडक्यात सांगते. ती १५ वर्षांनी पूर्ववत होते. मधल्या काळात तुम्ही काम केले की नाही याचा त्या मोजणीशी संबंध नाही. एनपीएसमधून (राष्ट्रीय पेन्शन योजनेतून) निवृत्त झालेल्यांचीही काळजी नाही, त्यांची अ‍ॅन्युइटी, म्हणजे नियमित मिळणारी रक्कम, विमा कंपनी देते.

कुटुंबाच्या पेन्शनबद्दलची भीती मला सर्वांत जास्त सलते, कारण तिचा फटका बायकांना बसतो. पतीच्या मागे कुटुंब निवृत्तिवेतन मिळत असताना अनुकंपा तत्त्वावर नोकरी धरायला बायका कचरतात. केंद्राच्या नियमांत पत्नीला किंवा पतीला स्वतःचा पगार असला, स्वतःची पेन्शन असली, तरी कुटुंब निवृत्तिवेतन चालू राहते. उत्पन्नाची अट येते ती मुलामुलींना, अवलंबून असलेल्या आई-वडिलांना व अपंग भावंडांना, आणि अपत्य नसलेल्या विधवेने पुनर्विवाह केला तर तिला.

राहिला तो सल्ला: जुन्या नोकरीचा उल्लेख करू नका. सगळ्या मजकुरात घातक असेल तर ही ओळ. नोव्हेंबरात हयातीचा दाखला देताना पुनर्नियुक्ती झाली आहे का, हे लिहून द्यावे लागते. जीवन प्रमाण ही हयातीच्या दाखल्याची ऑनलाइन सोयही तो प्रश्न विचारते. काउंटरवर गर्दी असते, मागचा माणूस घाई करतो आणि ‘नाही’वर खूण होऊन जाते. पुढे तपासणीत जास्तीची महागाई वाढ निघाली की वसुली पेन्शनमधूनच होते. अशा प्रकरणांत सत्तरीतली माणसे टेबलासमोर हात जोडून उभी राहिलेली मी पाहिली आहेत. त्यांतल्या बहुतेकांना फसवायचे नव्हते, कुणीतरी ‘सांगू नका’ म्हटले होते.

तेव्हा कामाचे पत्र हातात पडले की आधी करार आहे की पुनर्नियुक्ती ते वाचा. रक्कम कशी काढली, हे लेखा शाखेकडून लेखी घ्या. पेन्शनवरची महागाई वाढ चालू राहणार का, हेही त्याच अर्जात विचारा आणि आदेशाची एक प्रत पीपीओच्या फाइलला लावून ठेवा. नोव्हेंबरात तीच प्रत बँकेत किंवा कोषागारात दाखवायची आहे.