तुमच्या कॅम्पेनमध्ये क्रूरकर्मा कसा बसवावा

तर डंजन्स अँड ड्रॅगन्स (डीएनडी) या टेबलाभोवती बसून, डाइस टाकून गोष्ट रंगवायच्या खेळात तुम्ही डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा डंजन मास्टर झालात, अभिनंदन. आता व्हिलन हवाय आणि स्वतः बनवायचा कंटाळा आलाय, तर सरळ इतिहासातून उचला, रेडीमेड माल पडलाय आणि कॉपीराइटची भानगड नाही.

फक्त माणूस लांबचा निवडा. लांबचा म्हणजे ज्याचे वंशज, गाववाले आणि व्हॉट्सॅप ग्रुप यातलं काहीही नौपाड्यापासून माजिवड्यापर्यंत सापडणार नाही असा. व्लाड ड्रॅक्युला उत्तम. पंधराव्या शतकातला, वालाखियाचा म्हणजे आजच्या रोमानियातला राजा, माणसं सुळावर चढवायचा, आणि ठाण्यात अजून त्याच्या नावाचा एकही चौक नाही. अफजलखान नको. आनंदीबाई तर अजिबात नको. 'ध'चा 'मा' करायला फोर्जरीसाठी डाइसवर किती पडायला लागेल एवढं नुसतं विचारून बघा, एकजण म्हणेल बाईंनी ते केलंच नव्हतं, दुसरा म्हणेल सगळं राघोबादादाचं, आणि ज्याच्या घरी बसलाय त्याची आई पोह्यांच्या डिश घेऊन येते ती तिथेच बसते की मग दहा वाजेपर्यंत सगळे ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात, आणि ड्रॅगन बिचारा गुहेत वाट बघतोय.

मग स्टॅट्स, म्हणजे पात्राच्या गुणांचे आकडे. करिश्मा सगळ्यांना अठरा, यावर चर्चा नको. रास्पुतिनला, म्हणजे रशियाच्या झारच्या दरबारातल्या त्या साधूबाबाला, दमखम वीस द्या, कारण विष पचवलं, गोळ्या पचवल्या, नदीत टाकला तरी मरेना. आता पोस्टमॉर्टेममध्ये तो गोळीनेच गेला असं निघालं होतं, आणि ही विष पचवायची गोष्ट सांगणारा प्रिन्स युसुपोव्ह १९१६ च्या त्या खुनात स्वतःच सामील होता, पण खुन्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही तर कोणाच्या? हंगेरीची सरदारीण एलिझाबेथ बाथोरी, तिला आंघोळीला रक्ताचा हौद द्या. ती वारली १६१४ ला आणि आंघोळीची गोष्ट छापून आली १७२९ ला, म्हणजे शंभर वर्षं कोणालाही न सुचलेली गोष्ट, तीच नेमकी तुमच्या शीटवर सगळ्यात वर लिहा. आणि जिल द रे म्हणून जो फ्रेंच मार्शल होता, जोन ऑफ आर्कच्या बाजूने लढलेला आणि पुढे १४४० मध्ये लहान मुलांच्या खुनांसाठी फासावर गेलेला, त्याला फॉलन पॅलाडिन, म्हणजे वाट चुकलेला धर्मयोद्धा करा. ग्रुपमधला एकजण 'काय बॅकस्टोरी आहे यार' म्हणेलच.

अलाइनमेंटला, म्हणजे पात्र नियमाने वागणारं की बेबंद, भलं की दुष्ट या रकान्याला, मात्र वेळ काढून ठेवा. १९७४ च्या पहिल्या डीएनडीत तीनच खाने होते, लॉ, न्यूट्रल, केऑस, पुढे त्याचे नऊ झाले, त्यामुळे आता भांडायला भरपूर जागा आहे. व्लाडला तुम्ही केऑटिक ईव्हिल लिहिलंत की कोणीतरी ताडकन उठेल, अरे पण त्याच्या राज्यात शिस्त होती, चौकातल्या कारंज्यावर सोन्याचा पेला ठेवला होता म्हणे, चोरायची कोणाची हिंमत नव्हती. (सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगचा विषय निघाला की हेच बोलणारे एक काका असतात, त्यांनाही अठरा करिश्मा द्या.) लॉफुल लिहा आणि पुढे चला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. १४६२ मध्ये तुर्कांचा सुलतान मेहमद व्लाडच्या राजधानीपाशी, तिर्गोविश्तेपाशी पोचला तेव्हा त्याला सुळांचं अख्खं रान दिसलं, एका ग्रीक इतिहासकाराने आकडा दिलाय वीस हजार माणसांचा. आकडा फुगवलेला असेल, निम्मा धरा. तरी दहा हजार खांब. ते कोणीतरी तोडले, गाड्यांवर लादले, टोकं तासली, खड्डे खणले, बैलांना वैरण घातली, संध्याकाळी आज किती झाले ते मोजून वर कळवलं, आणि मग घरी जाऊन जेवले. हे सगळं खेळात आणलंत तर सेशन झोपेल. त्यापेक्षा स्पेल, म्हणजे जादूचा मंत्र करा. 'सुळांचं रान', सहाव्या लेव्हलचा, एक ॲक्शन, व्लाड बोट फिरवतो आणि जमिनीतून खांब येतात. सुतार नाही, गाडीवान नाही, हिशोबनीस नाही, एकटा व्लाड. शेवटी त्याला मारला की राज्य शुद्ध, लूट वाटून घ्या आणि डिनर ऑर्डर करा. म्हणूनच सांगतो, रास्पुतिनच्या पुढच्या काळात शिरू नका, तिथे फोटो जास्त आहेत आणि फोटोत बाजूला फाईल धरून उभी असलेली माणसंही दिसतात.

एखादा उत्साही प्राणी म्हणेल ठाण्याचाच माणूस घेऊया ना, त्रिंबकजी डेंगळे. दुसऱ्या बाजीरावाचा लाडका कारभारी, १८१५ ला पंढरपुरात गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांचा खून झाला त्याचा ठपका याच्यावर, इंग्रजांनी आणून ठाण्याच्या किल्ल्यात कोंडला आणि पहाऱ्याला मुद्दाम गोरे शिपाई ठेवले. तर म्हणे एका साहेबाचा मोतद्दार रोज खिडकीखाली घोड्याला खरारा करता करता मराठीत गाणं म्हणायचा, गाण्यात पळायचा सगळा बेत, आणि गोरे शिपाई ऐकतायत, त्यांना काय कळणार, गडी खुशीत आहे बहुतेक. सप्टेंबर १८१६, पंछी पसार.

मोह होईल, पण आवरा. एकतर त्याला खुनी म्हणायचं की इंग्रजांना चकवणारा बहाद्दर यावरच ग्रुप फुटेल. शिवाय तो किल्ला म्हणजे आजचं सेंट्रल जेल, मॅपसाठी फोटो काढायला गेलात तर तुम्हालाच आत घेतील. आणि जादू कुठाय यात? पहारेकऱ्यांना मराठी येत नव्हतं, संपलं, याला कुठला डाइस टाकणार?

तरी कोणी हट्टच धरला तर मोतद्दाराला एनपीसी, म्हणजे डीएमच चालवतो असं किरकोळ पात्र करा, गाण्याच्या दोन ओळी द्या आणि पहिल्याच एन्काउंटरला मारून टाका. व्लाडची एन्ट्री आहे, टेबलावर जागा लागेल.