बूट कॅम्पमध्ये सन त्झू? मजकूर फॉरवर्ड करण्याआधी

सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांत एक मजकूर फिरून फिरून येतो. सारांश असा: अमेरिकेच्या मरीन कोअर या सैन्यदलात भरती झालेल्या प्रत्येक रंगरूटाला बूट कॅम्पमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या प्रशिक्षणात, सन त्झू या चिनी सेनापतीचं ‘द आर्ट ऑफ वॉर’ वाचावंच लागतं. त्यावर परीक्षा असते, नापास झाला की घरचा रस्ता. नेपोलियनही हे पुस्तक उशाशी घेऊन झोपायचा. अमेरिका युद्धं जिंकते ती यामुळेच. आणि आपल्या जवानाच्या हातात मात्र ट्रेनिंगभर पुस्तक म्हणून दिसत नाही.

पुस्तक चांगलं आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. मजकुरातलं जवळपास प्रत्येक विधान मात्र लंगडं आहे, आणि शेवटचं तर चीड आणणारं. एकेक घेऊ.

‘प्रत्येक रंगरूटाला वाचावंच लागतं’

मरीन कोअरचं प्राथमिक प्रशिक्षण १३ आठवड्यांचं असतं. ते दोन ठिकाणी चालतं, दक्षिण कॅरोलायनातल्या पॅरिस आयलंडवर आणि कॅलिफोर्नियातल्या सान डिएगोत. पोरं बसमधून उतरतात, जमिनीवर रंगवलेल्या पिवळ्या पावलांवर पाय ठेवून उभी राहतात, मोबाइल जमा होतो, डोक्यावरून मशीन फिरतं. तिथून पुढे त्यांचा वेळ त्यांचा राहत नाही. झोपण्याआधी थोडी सवड मिळते, त्यात सामान नीट लावायचं आणि घरी पत्र लिहायचं. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथावर चिंतन करायला यात फट कुठे आहे?

सक्तीचं वाचन असतं, पण ते निराळं. त्याला तिथे सरळ ‘नॉलेज’ म्हणतात. रायफलचे भाग, हुद्दे आणि त्यांच्या खुणा, प्रथमोपचार, सलामी कुणाला आणि कधी. शिवाय कोअरचा इतिहास: १० नोव्हेंबर १७७५ ही स्थापनेची तारीख, फिलाडेल्फियातलं टन टॅव्हर्न नावाचं मद्यालय, १९१८ ची फ्रान्समधली बेलो वुडची लढाई, मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक दोन-दोनदा मिळवणारे डॅन डेली आणि स्मेडली बटलर. (हाच बटलर निवृत्तीनंतर ‘युद्ध हा लुटीचा धंदा आहे’ असं जाहीर भाषणांतून सांगत फिरला. ते काही रंगरूटांकडून पाठ करून घेत नसावेत.)

यातला सगळ्यात कडक भाग म्हणजे पहाऱ्याचे ११ ‘जनरल ऑर्डर्स’. पहिल्याचा आशय, ही चौकी आणि नजरेच्या टप्प्यातली सगळी सरकारी मालमत्ता माझ्या ताब्यात. पाचव्याचा, रीतसर बदली येईपर्यंत चौकी सोडायची नाही. इन्स्ट्रक्टर आकडा ओरडतो आणि समोरच्या पोरानं त्या आकड्याचा ऑर्डर शब्दन् शब्द म्हणायचा, तोही घसा फाटेस्तोवर ओरडून. आपल्याकडे पाढे घोकून घेत तशीच ही घोकंपट्टी. अमेरिकी लष्करानं या ११ चे ३ केले. मरीन आणि नौदल ११ वरच ठाम आहेत.

लेखी परीक्षा होते हे मात्र खरं. ती या ‘नॉलेज’वर. आणि एकदा नापास झाला म्हणून कुणी लगेच घरी जात नाही. पुन्हा संधी मिळते. तरी जमलं नाही तर मागून येणाऱ्या तुकडीत टाकतात, म्हणजे तोच चिखल, तेच आठवडे पुन्हा. पोरांना ही शिक्षा घरी पाठवण्यापेक्षा जड वाटत असेल तर नवल नाही.

बाकी दलांचंही असंच. नौदलात ‘ब्लूजॅकेट्स मॅन्युअल’ नावाचा जाडजूड ग्रंथ १९०२ पासून चालत आलाय आणि अजून त्याच्या नव्या आवृत्त्या निघतात. लष्कराच्या रंगरूटाला ‘सोल्जर्स ब्लू बुक’ मिळतं. या नावाला इतिहास आहे. १७७८ साली व्हॅली फोर्जच्या छावणीत जॉर्ज वॉशिंग्टनच्या उपाशी, फाटक्या फौजेला फ्रेडरिक फॉन श्टॉयबेन या प्रशियन अधिकाऱ्यानं कवायत शिकवली आणि १७७९ मध्ये तिचं पुस्तक केलं. निळ्या पुठ्ठ्यामुळे ते ‘ब्लू बुक’. त्यात साध्या शिपायासाठी सूचना आहेत: आधी कपडे नीट घालायला शिक, पाठपिशवीत सामान व्यवस्थित भर, हत्यार साफ कर, आपले कपडे आपण धू, आपलं जेवण आपण शिजव. रंगरूटाचं खरं सक्तीचं वाचन हे असं असतं. त्यात थोर काही नाही, पण सैन्य त्यावर उभं राहतं.

मग सन त्झूचं नाव आलं कुठून?

हवेतून नाही आलं. १९८९ मध्ये मरीन कोअरचे प्रमुख जनरल आल्फ्रेड ग्रे यांनी दलासाठी वाचनाची अधिकृत यादी सुरू केली. ग्रे स्वतः १९५० मध्ये साधा शिपाई म्हणून भरती होऊन सार्जंट झालेले आणि मग अधिकारी बनलेले. हुद्द्यागणिक वेगळी पुस्तकं, अशी ती यादी होती आणि सन त्झू तिच्यात होताच. पण ती यादी पूर्ण नोकरीभराची. बूट कॅम्पचा अभ्यासक्रम वेगळा. मजकूर लिहिणाऱ्यानं या दोन गोष्टींची खिचडी केली.

मरीन आणि सन त्झू यांचं नातं याहून जुनं आहे आणि ते मजकुरात असतं तर मी खूश झालो असतो. सॅम्युअल ग्रिफिथ नावाचा मरीन अधिकारी १९३० च्या दशकात पेकिंगमध्ये (आजचं बीजिंग) चिनी भाषा शिकला. १९४२ मध्ये ग्वाडलकनाल बेटावर जपान्यांशी लढताना जखमी झाला, नेव्ही क्रॉस हे शौर्यपदक मिळालं. ब्रिगेडियर जनरल म्हणून निवृत्त झाल्यावर त्यानं ऑक्सफर्डमध्ये डॉक्टरेट केली आणि १९६३ मध्ये त्याचं सन त्झूचं इंग्रजी भाषांतर छापून आलं. कुणी सक्ती केली नव्हती.

सक्तीवरून आठवलं. दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतर, १९४३ ते १९४७ दरम्यान, अमेरिकी सैनिकांना १,३०० हून अधिक पुस्तकांच्या १२ कोटींच्या वर प्रती फुकट वाटल्या गेल्या. आडव्या आकाराची, दोन कॉलमांत छापलेली, गणवेशाच्या खिशात मावतील अशी. मासिकांच्या छपाई यंत्रावर दोन-दोन पुस्तकं वर-खाली छापायची आणि मधून कापायची, अशी युक्ती होती. त्यात कादंबऱ्या होत्या, विनोदी लेखन होतं, कविता होत्या. त्यावर कुणी परीक्षा घेतली नाही आणि पोरांनी ती खंदकात, जहाजावर, इस्पितळात वाचून वाचून पार फाटेस्तोवर वापरली. सैनिकानं वाचावं असं वाटत असेल तर मला हा रस्ता जास्त पटतो.

आणि मुळात ते पुस्तक कुणासाठी आहे?

मजकूर लिहिणाऱ्यानं पुस्तक उघडून पाहिलं नसावं, असं मला वाटतं ते इथे. १३ छोटी प्रकरणं. दुसऱ्यात लाखाची फौज परदेशात ठेवायला दिवसाला किती सोनं लागतं याचा हिशेब. तिसऱ्यात तटबंदीच्या शहराला वेढा घालणं हा शेवटचा, नाइलाजाचा मार्ग का, याची चर्चा. तेराव्यात हेरांचे पाच प्रकार. हे सगळं राजाशी आणि सेनापतीशी बोलणं आहे. १९ वर्षांच्या पोराला ना खजिना सांभाळायचाय, ना हेर नेमायचेत.

अकराव्या प्रकरणात तर सन त्झू चक्क म्हणतो की सेनापतीनं आपले बेत शिपायांना कळू देऊ नयेत, त्यांना अंधारात ठेवावं, मेंढपाळ कळप इकडून तिकडे हाकतो तसं हाकावं. म्हणजे ज्या पुस्तकात ‘शिपायाला काही सांगू नका’ असा सल्ला आहे, तेच पुस्तक प्रत्येक शिपायाला सक्तीनं वाचायला देतात, असा हा दावा. सन त्झूनंच आधी हरकत घेतली असती!

अधिकाऱ्यांना ते शिकवतात, आणि तिथे ते शोभतं. न्यूपोर्टच्या नेव्हल वॉर कॉलेजात १९७२ मध्ये ॲडमिरल स्टॅन्सफील्ड टर्नर यांनी अभ्यासक्रम बदलला तेव्हा मुरलेल्या अधिकाऱ्यांना असाच जुना ग्रंथ, ग्रीक युद्धांचा इतिहासकार थ्युसिडिडीस, वाचायला लावला होता. पण ते लोक जहाजांचे तांडे हाकणारे. बसमधून नुकतं उतरलेलं पोर नव्हे.

नेपोलियन आणि विजय

फादर आमियो या फ्रेंच धर्मप्रचारकाचं सन त्झूचं फ्रेंच भाषांतर पॅरिसमध्ये १७७२ ला निघालं, तेव्हा नेपोलियन तीन वर्षांचा होता. पुढे त्यानं ते पाहिलं असेलही. वाचल्याचा पुरावा कुणी दिलेला नाही, उशीचा तर नाहीच. आणि ‘म्हणून अमेरिका जिंकते’ याला एकच उत्तर: ऑगस्ट २०२१, काबूल विमानतळ. वाचनयादी तेव्हा ३२ वर्षांची होती.

‘आपल्या जवानाच्या हातात पुस्तक नसतं’

हे लिहिणाऱ्यानं बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री केंद्रात, नाशिकरोडच्या तोफखाना केंद्रात किंवा खडकीच्या इंजिनिअर्समध्ये शिकून आलेल्या कुणालाही विचारायचं होतं. आपल्या सैन्यात आर्मी एज्युकेशन कोअर आहे, तिचं प्रशिक्षण महाविद्यालय पचमढीला आहे, आणि ‘हवालदार एज्युकेशन’ ही भरतीची स्वतंत्र जागा आहे. मैदानावरचे उस्ताद रगडा देतात, वर्गातले मास्तर नकाशा वाचायला शिकवतात. पुढे बढती हवी तर शिक्षणाची आणि नकाशावाचनाची प्रमाणपत्रं लागतात, नुसती छाती पुढे काढून फीत मिळत नाही.

इतिहासाचं पाठांतर आपल्याकडेही आहे. १९४४ मध्ये इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून धारातीर्थी पडलेले यशवंत घाडगे आणि १९४५ मध्ये तिथेच सेनिओ नदीकाठी तो मिळवणारे नामदेव जाधव, ही मराठा पलटणीची नावं. वाचनाचं म्हणाल तर १९०९ ला ‘फौजी अखबार’ म्हणून सुरू झालेलं नियतकालिक ‘सैनिक समाचार’ नावानं आजही १३ भाषांत निघतं, त्यात मराठीही आहे.

अग्निवीरांच्या जेमतेम सहा महिन्यांत वर्गाच्या तासांना किती वाव उरतो, हा प्रश्न मात्र रास्त आहे आणि त्यावर वाद घालायला मी तयार आहे. पण तो वाद वेगळा.

राहता राहिली तयारी करणारी पोरं. २०२३ पासून अग्निवीर भरतीत आधी ऑनलाइन लेखी परीक्षा आणि मग मैदान, असा क्रम झालाय. सन त्झू एका दुपारी वाचून होतो, जरूर वाचा. पण जनरल ड्युटीच्या पेपरात सामान्यज्ञान, विज्ञान, गणित आणि बुद्धिमत्ता विचारतात, आणि पहाटेच्या धावण्यात बऱ्यापैकी गडी असलेली किती तरी पोरं आजही गणितात अडकून मैदानापर्यंत पोहोचत नाहीत.