शेजारच्या खुर्चीतून लिव्हरपूल चालवण्याची कला

लिव्हरपूल या इंग्लिश फुटबॉल क्लबचे कट्टर चाहते व्हायचं ठरवलंच असेल, तर आधी रीतसर शिकून घ्या. नुसती जर्सी घालून टाळ्या पिटणारे भरपूर झाले, आता गरज आहे ती जाणकारांची. २०२५च्या नोव्हेंबरमध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टने आपल्या घरच्या मैदानावर, ॲनफील्डवर येऊन आपल्याला ०-३ असं धुतलं, त्या मॅचला मोठ्या पडद्यासमोर माझ्या शेजारच्या खुर्चीत असेच एक जाणकार बसले होते. मी न मागता त्यांनी मला जे ज्ञान दिलं, ते एकट्याने जिरवणं मला काही जमलेलं नाही. तेव्हा घ्या, तुम्हीही घ्या.

सुरुवात लाइनअपपासून. अकरा नावं जाहीर झाली की वाचायच्या आधीच कपाळाला हात लावायचा. कुणामुळे लावला ते नंतर ठरवता येतं. कोचने बदल केले असतील तर 'जमलेली टीम मोडली', केले नसतील तर 'हरलेलीच टीम पुन्हा कशाला'. बेंचवर बसलेला खेळाडू मैदानातल्यापेक्षा नेहमीच सरस असतो. मैदानात उतरेपर्यंत.

थ्रो-इनवर ऑफसाइड नसतो, असं कुणी सांगितलंच तर त्याच्याकडे दयेने बघा आणि 'ऑफसाइड!' म्हणून ओरडत राहा.

व्हीएआरचा, म्हणजे व्हिडिओ बघून पंचांचे निर्णय तपासण्याचा धडा मी गाळतोय. टॉटेनहॅमच्या मैदानावर योग्य असूनही नाकारला गेलेला डियाझचा तो गोल आठवला की माझंच डोकं ठिकाणावर राहत नाही.

आता खेळाडूंची पारख. जाणकाराला ती पहिल्या दोन पासांतच होते. फ्लोरियन व्हिर्ट्झ घ्या. लेव्हरकुसेनने २०२३-२४मध्ये एकही मॅच न हरता बुंडेसलीगा जिंकली, त्या टीमचा हा मेंदू. आमच्या जाणकारांनी त्याला लिव्हरपूलकडून पहिल्यांदा बघताना पंधराव्या मिनिटालाच निकालात काढलं होतं. 'अंगात दम नाही, इथे चालणार नाही.' नवा स्ट्रायकर इसाकला तर तेवढीही मिनिटं मिळाली नाहीत. तो उन्हाळाभर आपल्या जुन्या क्लबशी, न्यूकॅसलशी भांडत एकटाच सराव करत होता, त्याची प्री-सीझन झालेली नाही, खेळाडू खरेदीची मुदत संपता संपता तो आला, असं मी भीत भीत म्हणालो. त्यावर उत्तर आलं, 'एवढे पैसे मोजल्यावर सबबी कसल्या?' पैसे यांच्याच खात्यातून गेले असावेत असा एकूण सूर होता.

मोहम्मद सालाहच्या बाबतीत तर अभ्यासक्रम दर सहा महिन्यांनी बदलतो, म्हणून लक्ष ठेवा. २०१७मध्ये तो आला तेव्हा शिकवण होती, 'चेल्सीने टाकलेला माल'. त्याने पहिल्याच सीझनला लीगमध्ये ३२ गोल मारले. २०२५च्या वसंतात शिकवण होती, 'त्याच्याशी करार करत नाहीत म्हणजे मालक कद्रू'. त्या सीझनला २९ गोल आणि १८ असिस्ट. ३८ मॅचेसच्या प्रीमियर लीगमध्ये दोन्ही मिळून एवढी मजल तोवर कुणीच मारली नव्हती. एप्रिलमध्ये करार झाला. आणि नोव्हेंबरमध्ये माझ्या डाव्या कानात आवाज आला, 'या म्हाताऱ्याशी दोन वर्षांचा करार करायची अक्कल कुणाची?' मी म्हटलं, तुमचीच. ते त्यांना ऐकू आलं नाही. मोठ्या चाहत्यांना उजव्या बाजूने कमी ऐकू येत असावं.

कोचसाठी एक सोपं सूत्र. आर्ने स्लॉटने आल्या आल्या लीग जिंकली, २७ एप्रिल २०२५ला टॉटेनहॅमला ५-१ हरवून, चार मॅचेस बाकी ठेवून, क्लबचं विसावं विजेतेपद. ती टीम आधीच्या कोचची, क्लॉपची होती. मग टीम हरायला लागली. ही टीम स्लॉटची आहे. आणि हेच लोक २०२१च्या सुरुवातीला ॲनफील्डवर ओळीने सहा मॅचेस हरल्यावर 'क्लॉप संपला' म्हणत होते, हे विसरायचं.

विसरणं ही तर या विद्येची पायाभरणी. डिफेंडर जिमी ट्राओरे आठवतो? नसेलच आठवत. २००५च्या जानेवारीत एफए कपमध्ये बर्नलीविरुद्ध त्याने स्वतःच्याच गोलसमोर बॉल पायाखाली ओढायची कसरत केली आणि बॉल आपल्याच जाळ्यात गेला. मॅच ०-१. त्याच्यावर किती हसू झालं ते विचारू नका. त्याच वर्षी मे महिन्यात इस्तंबूलमध्ये चॅम्पियन्स लीगच्या फायनलला एसी मिलानविरुद्ध स्कोअर ३-३ असताना शेवचेन्कोचा फटका गोललाइनवरून बाहेर काढणारा कोण होता? तोच. हाफटाइमला त्याला बाहेर बसवायचं जवळजवळ ठरलं होतं, फिनन जखमी निघाला म्हणून तो राहिला. तुमच्या हातात निर्णय असता तर त्याला बर्नलीहूनच घरी धाडलं असतं. रॉबर्टसनला खाली उतरलेल्या हल सिटीतून आणलं तेव्हाही जाणकारांनी नाक मुरडलंच होतं. ओरिगीला तर 'अजून आहे का हा?' एवढ्याच कौतुकावर वर्षं काढावी लागली. मग २०१९ला चॅम्पियन्स लीगमध्ये बार्सिलोनाविरुद्ध दोन गोल आणि फायनलमध्ये एक. तेव्हा मात्र यांच्या घशाला कोरड पडेपर्यंत त्याचं नाव.

हरलो की एक्सजी (मिळालेल्या संधींवरून किती गोल व्हायला हवे होते तो आकडा) थोतांड. जिंकूनही खेळ आवडला नाही तर एक्सजी वेदवाक्य.

आणि आता मुख्य विद्या, मॅच संपायच्या आधी उठून जाणं. ही सगळ्यांना साधत नाही. फॉरेस्टने दुसरा गोल मारला तो दुसरा हाफ सुरू होऊन मिनिट झालं नव्हतं तेव्हा. अख्खा हाफ बाकी. आमचे जाणकार उठले. नुसते उठले असते तरी चाललं असतं, ते पडद्याच्या अगदी पुढ्यात उभे राहिले. जॅकेटची एक बाही घातली, दुसरी सापडेना म्हणून जागच्या जागी गोल फिरले, मोबाइलचा टॉर्च लावून खुर्चीखाली काहीतरी शोधलं आणि तो टॉर्च मागच्या दोन रांगांच्या डोळ्यांत मारत जाहीर केलं, 'संपलं! मी आधीच सांगितलं होतं.' कधी सांगितलं होतं? आधी तर तुम्ही ३-१ जिंकणार म्हणाला होतात! तिसरा गोल त्यांनी पाहिलाच नाही. पण नंतर भेटले तेव्हा त्या गोलला डिफेंडर कुठे उभा असायला हवा होता, ते टेबलावर बोटाने रेघा ओढून मलाच समजावून सांगत होते.

उठून जाणाऱ्यांची परंपरा थोर आहे, यात शंका नाही. ८ नोव्हेंबर २०१५, क्लॉप येऊन महिना झाला होता. क्रिस्टल पॅलेसने ८२व्या मिनिटाला १-२ केलं आणि ॲनफील्ड रिकामं व्हायला लागलं. मॅचनंतर तो माणूस उघडपणे म्हणाला की त्या क्षणी आपल्याला एकटं वाटलं. कोचला! स्वतःच्या घरच्या मैदानावर! पुढच्याच महिन्यात वेस्ट ब्रॉमशी भरपाई वेळेत ओरिगीने २-२ केलं, तेव्हा क्लॉपने खेळाडूंचे हात धरून सगळ्यांना स्टँडसमोर नेलं, थांबलेल्यांचे आभार मानायला. एका ड्रॉसाठी हा तमाशा, म्हणून केवढी टिंगल झाली होती. पण त्याला कळलं होतं की आधी संघाला नाही, आधी बघणाऱ्यांना शिकवायला लागणार आहे. २०१९ला बार्सिलोनात ०-३ हरल्यावर परतीची मॅच 'बघण्यात अर्थ नाही' म्हणणारे किती होते? सालाह नाही, फर्मिनो नाही. ४-० झालं. वाइनाल्डम बेंचवरून आला आणि दोन मिनिटांत दोन गोल मारून गेला. इस्तंबूलला हाफटाइमला ०-३ होतं, सहा मिनिटांत ३-३ झालं. सहा मिनिटं! तुमची बाही सापडेपर्यंत तेवढी जातात. २०२१ला वेस्ट ब्रॉमला ९५व्या मिनिटाला हेडर मारून मॅच कुणी जिंकून दिली? ॲलिसनने. गोलकीपरने. कॉर्नरला पुढे धावत आलेल्या गोलकीपरने! ते बघायला टीव्हीसमोर कोण होतं आणि चॅनल बदलून कोण बसलं होतं, याची एकदा यादी व्हायला हवी. म्हणजे हे पुढे कायम 'आम्ही पाहिलंय' म्हणून सांगतात ते तरी बंद होईल.

मान्य, फॉरेस्टविरुद्ध तसलं काही झालं नाही. ०-३च झालं. वाईट खेळलो, अत्यंत वाईट, मिडफिल्डमधून वाटेल तो वाटेल तसा पळत होता आणि सेट-पीसवर आपण उभे आहोत की झोपलोय ते कळत नव्हतं. यावर बोला ना. तासभर बोला, मी ऐकतो. पण तुम्हाला खेळावर बोलायचंच नसतं. तुम्हाला एक माणूस हवा असतो, सगळं ज्याच्या माथी मारता येईल असा.

आपला गोलकीपर कारियुस झाला ना तसा. कीव्ह, रिआल माद्रिदविरुद्धची २०१८ची चॅम्पियन्स लीग फायनल. रामोसच्या कोपराचा मार डोक्याला बसला, मग काही मिनिटांत त्याने बॉल बेंझेमाच्या पायावर फेकला आणि शेवटी बेलचा लांबचा फटका हातांतून निसटला. मैदानावर तो एकटा रडत हात जोडत फिरत होता. जिवे मारण्याच्या धमक्या आल्या त्याला. काही दिवसांनी बॉस्टनच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डोक्याला मार बसून कन्कशन झालं होतं. यांची प्रतिक्रिया काय? 'बहाणा.' डॉक्टरही खोटे, कारण यांनी सोफ्यावरून निदान केलेलं होतं!

आणि त्या दिवशीची खरी गोष्ट मी अजून सांगितलेलीच नाही. ०-२, टॉर्च, जॅकेट हे सगळं मी गिळलं असतं. विसावं मिनिट गिळता येत नाही.

विसाव्या मिनिटाला ॲनफील्डवर आपल्या दिवंगत दिओगो जोटासाठी गातात. त्याचा नंबर २० होता, क्लबने तो नंबर आता कायमचा बाजूला ठेवलाय. पडद्यावर स्टँड गात होतं, आमच्या हॉलमध्येही बरेच जण उभे राहिले. हे महाशय खुर्चीत रेलून, मोबाइलवरून नजरही न काढता, चार रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, 'किती दिवस हे? खेळावर लक्ष द्या म्हणावं त्यांना.'

किती दिवस? ३ जुलै २०२५ला तो गेला, भावासकट, गाडीच्या अपघातात. लग्नाला दोन आठवडे झाले नव्हते. तीन लहान मुलं. गोंडोमारला अंत्यविधीला व्हॅन डाइकच्या हातात २० नंबरचं पुष्पचक्र होतं आणि रॉबर्टसनच्या हातात ३० नंबरचं, भावाचं. ज्या रॉबर्टसनला तुम्ही त्या दिवशी 'संपलेला' म्हणत होतात, तोच हा. मित्राला मातीत ठेवून आलेली माणसं महिन्याभरात पुन्हा त्याच ड्रेसिंग रूममध्ये बसायला लागली, जिथे त्याची जागा रिकामी होती. त्यामुळे फॉरेस्टविरुद्ध मार्किंग चुकलं, असं मी म्हणत नाही, तेही तसं म्हणत नाहीत. पण 'किती दिवस' हे तुम्ही विचारायचं? एक मॅच पूर्ण बघायला तुमचा जीव जातो. ज्याने करार केला तोही तुम्हाला नको, ज्याला आणलं तोही नको, आदल्याच सीझनला ज्याने लीग जिंकून दिली तोही नको. मग तुम्हाला हवंय काय? रोज जिंकणारी टीम हवी असेल तर ती कुठेच नसते हो, कुठल्याच क्लबात नसते. तुमच्या गळ्यात जो स्कार्फ होता ना, त्यावर लिहिलेलं 'यू विल नेव्हर वॉक अलोन', म्हणजे 'तू कधीच एकटा चालणार नाहीस', हे तरी कधी वाचलंत का? का तोही दुसऱ्याने आणून दिलेला?

शिव्या घाला, कोच बदला, सगळी टीम विकून टाका, मला काही फरक पडत नाही. विसाव्या मिनिटाला उभं राहायची सक्तीही कुणी करत नाहीये. फक्त तेवढा वेळ तोंड बंद ठेवा.